बाळंतिणींच्या मॅडम

शुभदा मॅडम उंदरांच्या खोलीत शिरायच्या आधी दारावर टकटक करायच्या. आत माणूस कोणी नाही, नुसते पिंजरे, तरी दोन बोटांनी हळू वाजवायच्या आणि थांबायच्या, जसं काय आतून कोणी "या" म्हणणार आहे. मी पहिल्या दिवशी हसले. तर वळून म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत असं धाडकन शिरतात का तुमच्यात?"

मी म्हटलं, नाही.

"मग?"

झालं, एवढंच. त्यानंतर मी पण टकटक करायला लागले, आणि अजून कधी कधी आमच्या स्वतःच्या घराच्या दारावर हात जातो आणि मग मलाच माझा राग येतो, की ह्या बाईची सवय माझ्या बोटात कशी राहिली.

रत्नागिरीत औषधांचं शिक्षण देणारं एक कॉलेज आहे, तिथे मागच्या बाजूला, आंब्याच्या कलमांच्या पलीकडे, जांभ्या दगडाची बैठी इमारत होती. ॲनिमल हाऊस म्हणायचे. तिथे मॅडम पांढरे उंदीर पाळायच्या आणि मी पिंजरे धुवायची. मी नववीपर्यंत शिकलेली, मला दुसरं कोण काय काम देणार. नवरा बोटीवर, सासू मिरकरवाड्याच्या जेट्टीवर मासळी घेऊन बसणारी, आणि घरात तीन महिन्यांची आर्वी. मला त्या घरात बसायची भीती वाटायची म्हणून मी काम धरलं, हे खरं कारण. पैशाचं मी सगळ्यांना सांगितलं.

भीती कसली ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला माझ्या पोरीला उचलायची भीती वाटायची. तिची टाळू होती ना, डोक्यावरची मऊ जागा, ती वरखाली उडायची. सासू रोज त्यावर खोबरेल घालायची, निवांत, गाणं म्हणत, आणि मी तिकडे बघितलं की माझे हात थंड व्हायचे. वाटायचं माझ्या हातून पडणार, माझं बोट आत जाणार, काहीतरी होणार. आणि पोरगी पण माझ्याकडे आली की रडायची, सासूकडे गेली की गप्प. सासू म्हणायची, "काय गो, आयशीचा हात असा सुक्या बोंबलासारखा कसा तुझा?" मी हसायची. हसण्यावारी नेलं की पुढे कोणी विचारत नाही.

तर मॅडम. पन्नाशीच्या असतील. उंच, केस बारीक कापलेले, पायात कायम पुरुषांसारख्या चपला. मूळच्या संगमेश्वरकडच्या, मधली बरीच वर्षं बाहेर मोठ्या मोठ्या ठिकाणी काढून परत आलेल्या. लग्न नव्हतं. प्रत्येक गोष्टीचा आधी वास घ्यायच्या. चहाचा, भुशाच्या पोत्याचा, नवीन फडक्याचा, आलेल्या माणसाचा पण. तोंडावर नाही, पण नाक जरा पुढे यायचं, ते कळायचंच. मी पहिल्या दिवशी गेले ती सकाळी सासूबरोबर बांगडे साफ करून. मॅडमनी वास घेतला आणि म्हणाल्या, "बांगडा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला आवडतो," म्हणाल्या, "पण ह्यांना नाही. ह्या घाबरून पिल्लं लपवतात. तो साबण घे, वास नाही त्याला. कोपरापर्यंत."

तिथे एक मजीदभाई होते, जुने शिपाई, राजिवड्याचे. त्यांची दोन्ही मुलं आखातात. ते मला म्हणाले, "बाय, वाईट वाटून घेऊ नको. मी ईदला अत्तर लावून आलो होतो, तर मला दिवसभर बाहेर बसवला. बोलल्या, मजीदभाई, आज तुम्ही बाग आहात, शिपाई नाहीत."

ओढणीला पण घरचा वास असतो म्हणून ती आत चालायची नाही. बाहेर खुंटीला लावायची आणि धुतलेला कोट घालायचा. आतमध्ये लाल दिवा. उंदरांना लाल उजेड दिसत नाही, त्यांना वाटतं अंधार आहे, आणि मग ते आपल्या घरात असल्यासारखे वागतात. सासूला मी हे सांगितलं तर तिने बाजूच्या बायकांना सांगितलं, "आमची सून लाल बत्तीत काम करते हो," आणि सगळ्या जेट्टीवर हशा.

मॅडमचं काम काय होतं ते मला आधी कळायचंच नाही. नुसत्या बघत बसायच्या. व्यालेल्या मादीच्या घरट्यातून पिल्लं उचलायच्या, गुलाबी, डोळे मिटलेली, पेराएवढी, आणि पिंजऱ्याच्या लांबच्या कोपऱ्यात ठेवायच्या. मग मादी धावत यायची आणि एक एक तोंडात धरून परत न्यायची. पिल्लं तेव्हा ओरडतात म्हणे, पण ते आपल्या कानाला येत नाही. मी म्हटलं, "किती माया बघा."

"माया म्हणू नको," मॅडम म्हणाल्या. "उचललं म्हण. दिसलं तेवढं बोल."

हे त्यांचं नेहमीचं. दिसलं तेवढं बोल. शिकायला येणारी मुलं-मुली म्हणायची, मॅडम ही मादी चिडलीय, मॅडम ही दुःखी आहे, तर मॅडम म्हणायच्या, "तुला सांगायला आली होती का?"

मला मात्र एकदा नीट सांगितलं, मी पिंजरा धूत होते तेव्हा. स्वतःच्या कपाळापासून बोट आत नेल्यासारखं करून म्हणाल्या, "सुप्रिया, मेंदूत खूप खोल, अगदी तळाशी, थोड्याशा पेशी असतात. त्या जाग्या झाल्या की मादी पिल्लू उचलते. त्यांच्या शेजारीच दुसऱ्या असतात, त्या जाग्या झाल्या की तीच मादी पिल्लापासून पळते, नाहीतर चावते. शेजारी शेजारी, बघ. चाळीत भिंतीला भिंत लागून घरं असतात ना, तशी."

मी विचारलं, "माणसाच्या पण?"

"दूध पाजणाऱ्या सगळ्यांच्यात असावं असं वाटतं. माणसाचं डोकं उघडून कोण बघू देणार?"

मी साबणाचा हात तसाच धरून उभी राहिले. म्हंजे ते पळणं पण डोक्यातलंच. म्हंजे मी वाईट बाई नाही, नुसतं शेजारचं घर जागं झालंय माझं. पण मला असं पण वाटलं, की ह्यांना हे माहीत आहे आणि मला नाही, पोर माझं आहे आणि चावी ह्यांच्याकडे आहे. तिथून माझ्या पोटात दुखायला लागलं ते आजपर्यंत.

मेंदू बघायचा म्हंजे उंदीर मारायला लागतो, हे मला नंतर समजलं. ते काम मॅडम मजीदभाईंना करू द्यायच्या नाहीत. स्वतः करायच्या, दार लावून. त्या दिवशी डबा उघडायच्या नाहीत आणि कोणाशी बोलायच्या नाहीत. आम्ही मासे कापणारी माणसं, मला काय वाटायला नको होतं. पण बाहेर येऊन त्या हात धुवायच्या ना, किती वेळ धुवायच्या, ते मी बघितलंय.

एक मादी होती, तिच्या शेपटीवर पिवळ्या रंगाचा ठिपका केलेला, ओळखायला. ती कधी व्यालीच नव्हती, नराबरोबर ठेवलीच नव्हती तिला. मॅडमनी तिच्या पिंजऱ्यात दुसरीची पिल्लं ठेवली. अगो, ती जी पळाली! पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीवर चढायला बघत होती. मग पिल्लांवर भुसा लोटायला लागली, म्हंजे दिसायला नकोत. मी लाल उजेडात उभी राहून बघत होते. मला वाटलं ही मीच.

मॅडम पिल्लं तिच्याकडे ठेवत राहिल्या. दूध पाजायला त्यांच्या आईकडे न्यायच्या, परत आणून ठेवायच्या. रोज. मी रोज सकाळी हात धुतले की आधी तिलाच बघायची. आधी ती लांब बसायची. मग जरा जवळ येऊन हुंगून पळायची. मग एकदा पिल्लाच्या बाजूला झोपलेली दिसली. आणि एका सकाळी मी टकटक करून दार उघडलं तर ती पिवळ्या ठिपक्याची मादी पिल्लू तोंडात धरून चाललेली, मान वर करून, अशी ऐटीत. मी मोठ्याने "मॅडम" म्हणून हाक मारली, त्या खोलीत मोठ्याने बोलायचं नसतं तरी. मॅडम आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, "घाबरणं आधी थकतं. मग दुसरं काहीतरी जागं होतं."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्हाला पोर नाही, तुम्हाला हे सगळं कसं उमगतं?"

असं विचारायला नको होतं. पण त्या रागावल्या नाहीत. पिंजऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "मी ह्या बाईसारखी. जवळ राहून राहून."

आणि मला, काय सांगू, इतका राग आला. ती मादी माझी होती. मनातल्या मनात मी तिला माझी करून टाकली होती, आणि ती पण मॅडमनी घेतली.

आर्वी पाच महिन्यांची झाली तेव्हा सासूला जेट्टीवरून लवकर येणं जमेना, लिलावाच्या वेळा बदलल्या. मॅडम म्हणाल्या, "बाहेरच्या खोलीत आण तिला. मजीदभाई आहेत, मी आहे." मी आणली. टोपलीत आणली, गोधडी घालून, म्हंजे वाटेत फार धरायला नको. आणि जे व्हायचं तेच झालं. आर्वी रडायला लागली की मी आतून कोटातच, हात धुवून यायची तोपर्यंत मॅडमनी उचललेली असायची. आणि पोर गप्प. नुसती गप्प नाही, मॅडमच्या खांद्यावर टाकलेल्या कापडात तोंड घासत झोपून जायची. माझ्याकडे घेतली की कण्हायची, अंग ताठ करायची.

मजीदभाई म्हणायचे, "मॅडम, तुमच्या हातात काय आहे? आमच्या नातवाला पण आणतो."

मॅडम काही बोलायच्या नाहीत. हसायच्या पण नाहीत. आणि मी आत जाऊन पिंजऱ्याची तारेची झाकणं घासायची, इतकी घासायची की बोटं सोलायची. वाटायचं, एवढं शिकली बाई, एवढं जग फिरली, तिला माझं एकच आहे तेच कशाला पाहिजे. घरी सासूला सांगायची सोय नव्हती. तिने आधीच म्हटलं होतं, "तुझ्यापेक्षा ती उंदीरवाली बरी की गो, पोर तरी हसतं तिच्याकडे."

सासूच्याच हट्टाने मॅडमना उष्टावणीला बोलावलं. आमच्याकडे मूल सहा महिन्यांचं झालं की मामाने पहिला घास भरवायचा, खीर, सोन्याची अंगठी बुडवून. माझा भाऊ पावसहून आलेला. घर भरलेलं. खिरीची वाटी पाटावर ठेवलेली, आधी देवाला नैवेद्य, मग आर्वीला. मॅडम आल्या, दारावर टकटक करून, दार सताड उघडं असताना. सासू म्हणाली, "या हो, या, घर आपलंच." मॅडम पाटाजवळ खाली बसल्या आणि वाटी उचलून तिचा वास घेतला.

देवाच्या नैवेद्याचा.

वास घेतला की तो उष्टा झाला, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला पण माहीत असतं. शेजारच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सासूचं तोंड असं झालं, मासळी सडकी निघाल्यावर होतं तसं. मॅडमच्या लक्षात आलं, वाटी हातात तशीच, आणि ती एवढी उंच बाई एकदम लहान दिसायला लागली. "चुकलं माझं," म्हणाल्या. "सवय वाईट आहे."

सासू म्हणाली, "असूदे, असूदे. सुप्रिया, दुसरी कर खीर."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. चुलीपुढे दूध ढवळताना मी आतून हसत होते, की बघा तुमच्या मॅडम, एवढं कळत नाही.

तेवढ्यात बाहेर आर्वी रडायला लागली. भुकेली होती, गर्दी होती. सासूकडे राहीना, मामाकडे राहीना. कोणीतरी म्हणालं, "मॅडमकडे द्या, त्यांच्याकडे राहते." दिली. मी कान देऊन ऐकत होते. आर्वी थांबली नाही. उलट किंचाळायला लागली, श्वास कोंडेपर्यंत. मॅडम उठून फेऱ्या मारायला लागल्या, तरी नाही. आणि मग त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या, घाम आलेला, मला म्हणाल्या, "सुप्रिया, तुझी ओढणी कुठे आहे?"

मी म्हटलं, "ओढणी? आज साडी आहे ना मॅडम."

"कालची. न धुतलेली. असेल ती दे."

सासू मागून आली. "ओढणी कशाला हवी?"

"माझ्याकडे ती कधी राहत नव्हतीच," मॅडम म्हणाल्या. "मी खुंटीवरची सुप्रियाची ओढणी खांद्यावर घेते, मग तिला उचलते. ती आईच्या वासाला गप्प होते. सुप्रिया आतून येते ती त्या साबणाने धुतलेली, कॉलेजच्या कोटात. पोरीला आई सापडत नाही आणि आईचे हात कापत असतात, म्हणून रडते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चमचा माझ्या हातात. मॅडमनी आर्वीला माझ्यापुढे धरलं. हात पुढे आले माझे, कापत होते, तरी आले. आर्वीने माझ्या गळ्यापाशी नाक घासलं, घाम होता, धूर होता, खिरीचा वास होता, आणि दोन-तीन हुंदके देऊन ती गप्प झाली. सासू म्हणाली, "अगो बाय माझे," आणि पदराने डोळे पुसले, आणि मॅडमना म्हणाली, "तुम्ही बसा हो, खीर खाऊन जा. पोटभर वास घ्या आता."

मॅडम पण हसल्या तेव्हा. फार कमी वेळा हसायच्या.

तुम्हाला वाटेल माझं जळणं तिथे थांबलं. नाही. वाढलं. रात्रंदिवस मी त्या पोरीबरोबर, आणि माझ्या वासाला ती गप्प होते हे मला माहीत नाही, ते माहीत कोणाला, तर ह्यांना. आणि इतके दिवस मला का नाही सांगितलं? मी विचारलं दुसऱ्या दिवशी, चिडूनच विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मला वाटलं तुला दिसतंय. ओढणी तुझीच की." मग म्हणाल्या, "आणि मला आवडायचं तिला उचलायला." एवढं बोलून आत गेल्या. टकटक न करता.

आर्वी मोठी झाली. हळूहळू माझे हात शांत झाले, कधी झाले ते सांगता यायचं नाही, टाळू भरली तशीच ती भीती पण भरत गेली असेल. पण मग दुसरं सुरू झालं. आता पोर तोंडं ओळखायला लागली होती. ओढणी लागत नव्हती. मॅडम दिसल्या की टोपलीतून हात वर करायची, रांगायला लागल्यावर त्यांच्या चपलांपर्यंत जाऊन बसायची. चालायला लागली ती मॅडमच्या टेबलाला धरून. आता ते वासाचं नव्हतं, आता खरंच त्या आवडत होत्या तिला. जवळ राहून राहून. आणि मला त्यावर काही बोलता येत नव्हतं.

मग कॉलेजने ॲनिमल हाऊस बंद करायचं ठरवलं. मॅडमना बंगळूरला काम मिळालं. शेवटच्या दिवसांत पिंजरे रिकामे होत गेले आणि मॅडम रिकाम्या खोलीत पण दिवा लाल ठेवून बसायच्या.

त्यांना सोडायला मी आणि आर्वी स्टेशनवर गेलो, वर, कुवारबावला. मजीदभाईंनी सामान चढवलं आणि ते पाणी आणायला गेले. आर्वी माझं बोट धरून उभी होती. गाडीने भोंगा दिला, मोठ्याने, आणि पोर दचकली. माझं बोट सोडलं आणि धावली ती मॅडमकडे, दोन्ही हात वर करून.

मी मनात म्हटलं, हे बघायचंच राहिलं होतं.

मॅडमचे हात पुढे आले. मी बघितलं, पुरे पुढे आले होते. आणि मग त्यांनी ते मागे नेले, पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं, घट्ट, आणि एक पाऊल मागे सरकल्या. आर्वी त्यांच्या पायाशी थांबली, वर बघितलं, कोणी घेत नाही म्हणून फतकल मारून बसली आणि भोकाड पसरलं. मॅडम खाली वाकल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. डोळे भरलेले.

मी गेले. आर्वीने इकडे तिकडे बघितलं, मी दिसले, आणि तिने बसल्या जागेवरून हात माझ्याकडे केले. मी घेतली तिला. जड झाली होती.

गाडी हलली. मॅडम चढून दारात उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी हात हलवला नाही, हाक मारली नाही. हलवला असता तर पोर परत झेपावली असती. आर्वी माझ्या मानेत तोंड खुपसून रडत होती, मॅडमसाठी रडत होती, आणि खरं सांगते, मी तेव्हा पण जळत होते. पण रडायला ती माझ्याकडे आली होती. डबा पुढे सरकला, माणसांच्या मागे त्यांचं तोंड दिसेनासं झालं, खांद्याची एक बाजू दिसत राहिली, आणि कोपर. हात अजून मागेच होते.